दहात नऊ

१२ मार्च

चिमे,

पोहोचल्याचं कळवायचं असतं, हे आईने आपल्याला शिकवलं होतं. निदान मला तरी. तुला जाऊन बारा दिवस झाले. फोन लावते तर ती आतली बाई म्हणते, हा नंबर वापरात नाही. नंबर बदललास तर नवा द्यायचा असतो गं बये. तुझ्या नव्या नोकरीच्या दुकानाचा पत्ता तेवढा फ्रीजवर चिकटवून गेलीस, म्हणून हे पत्र तरी टाकता येतंय.

मी बरी आहे. लाँड्रीचं विचारू नकोस. मालकाने पावडरीचा डबा कुलपात ठेवलाय. सकाळी स्वतः एक मग मोजून देतो आणि वर सांगतो, यात संध्याकाळपर्यंत भागवा. साबणाची वडी आम्ही दोऱ्याने कापून तिघी जणी वाटून घेतो, कॉलरी घासायला. काल एक गिऱ्हाईक म्हणालं, शर्टाला धुतल्याचा वास येत नाही. मी म्हटलं, साहेब, वास हवा असेल तर उद्या घरून घेऊन या. मालकाने ऐकलं, पण बोलला नाही. त्याची स्वतःची बायको कपडे नुसत्या पाण्यातून काढते.

गल्लीत माचिस आता उसनी मागायची वस्तू राहिली नाही. एका घरची शेगडी पेटली की बाकीच्या कागदाची सुरळी घेऊन धावतात. पाण्याच्या पाईपचं तर असं झालंय की अख्ख्या गल्लीत धड पाईप एकच, पोस्टमनकाकांचा, आणि तो घराघरातून फिरतो. दुकानात पाईप हाताने मोजून विकतात आणि चार हात मागितला की दुकानदार आपल्याकडे असं बघतो, जणू आपण लग्नाचा हॉल मागितला.

आता मुद्द्याचं. शेंग वर आलेली नाही.

यंदा लोकांनी पेरणीचं किती मनावर घेतलंय ते तू जायच्या आधी पाहिलंसच. टोमॅटो घ्यायला गेलं की माणसं आधी भावाची पाटी वाचतात, आणि मग टोमॅटोकडे न बघताच पुढे जातात. तू आधी कामाला होतीस त्या दुकानात बियांची पुडी माणशी एक, तीही सकाळी रांग लावली तर. म्हणून सगळ्यांनी आपल्या घरातल्या, गल्लीच्या सामाईक कपाटातल्या बियांवर भिस्त ठेवली. शिंपीणकाकूंनी गुलाब काढला, तीस वर्षांचा. गवंडिणीने तर अंगणातली फरशी उखडली. गवंड्याला चार महिने काम नाही, सिमेंट परवडत नाही म्हणून कुणी बांधत नाही. तो म्हणाला, बांधायचं नाही तर नाही, उखडायचं तरी काम मिळालं. त्यांची तीन पोरं रोज सकाळी वाफ्यापाशी उकिडवी बसतात आणि मातीकडे बघतात.

पेरूनही बारा दिवस झाले! शेंग आठव्या दिवशी मान वर काढते. माझ्याकडे काही नाही, काकांकडे काही नाही, अकरा घरांत कुठेच काही नाही. मी सगळ्यांना सांगते, रात्री गारठा आहे, धीर धरा. पण आज गवंडिणीने मला एकेक विचारलं, ताई, बरण्या घट्ट होत्या ना? मध्ये कुणी उघडल्या नव्हत्या ना? मी तिला सगळं सांगितलं, जणू ती काल राहायला आलीय. की सगळी घरं आपापलं बी वाळवून आमच्याकडे आणतात, कारण आमची मधली खोली गल्लीत सगळ्यात कोरडी. की आईच्या काळापासून उगवण बघायचे दाणे बाजूला काढून बरण्यांना मेण लावलं की वाटपापर्यंत कुणी हात लावत नाही, दमट हवा आत जाते म्हणून. ती म्हणाली, ते माहितीये हो ताई. मग विचारलंस कशाला?

तू बी ओल्या फडक्यात ठेवून बघितलं होतंस ना? दहात नऊ आली म्हणालीस, ती मोजून म्हणालीस का अंदाजाने? अंदाजाने असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. रागावेन, पण थोडीच.

उलट टपाली लिही.

तुझी ताई

१९ मार्च

चिमे,

तुझं पत्र नाही. ठीक आहे, टपालालाही हल्ली काहीतरी कमी पडत असेल.

काल मी वाफा उकरला. शेंगेचे सहा दाणे सापडले. बोटात धरून दाबले तर लगदा झाला आणि घाण वास आला. आत कोंबाचा मागमूस नाही.

मागचं पत्र टाकलं त्याच दिवशी मी आणखी एक केलं होतं. बरण्यांच्या तळाला जे उरलं होतं त्यातले दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून लाँड्रीत बॉयलरच्या मागे ठेवले, उबेला. बरोबर सात दिवस. आज उघडले. शेंग, दहात शून्य. टोमॅटो, शून्य. मिरची, शून्य. भोपळा एक, तोही अर्धा फुटून कुजलेला. बॉयलरमागे मी कितीतरी वेळ बसून राहिले. मालकाने हाक मारली तेव्हा म्हटलं, चक्कर आली.

आता मी काय केलं ते ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वाटपाच्या दिवशी पोस्टमनकाकांनी विचारलं, "ताई, उगवण बघितली ना?" ते दरवर्षी विचारतात. मी म्हटलं, "दहात नऊ. मी स्वतः बघितलं."

मी बघितलं नव्हतं. लाँड्रीतल्या दोन बायका काढल्यापासून मी त्यांचंही काम ओढतेय, घरी येऊन पाय भिंतीला लावून पडत होते. तू म्हणालीस, ताई तू झोप, मी बघते. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! सहा वर्षांत पहिल्यांदा तू या घरातलं एखादं काम आपणहून अंगावर घेतलंस. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणालीस, दहात नऊ. मी फडकं मागितलंही नाही बघायला. काकांना तुझं नाव सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, धाकटीने बघितलं? मग एकदा परत बघू. म्हणून मी माझं नाव सांगितलं. तुझ्यावरचा त्यांचा अविश्वास मला झोंबला असता, दुसरं काही नाही.

म्हणजे खोटं मीही बोलले. ते मी नाकारत नाही. पण मी बोलले ते तुझ्या जिवावर.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. फेब्रुवारीत मी कपाटाखाली झाडत होते. तिथे जुन्या बियांचा पत्र्याचा डबा असतो. दरवर्षी वाटून उरतं ते त्यात जातं. मेलेलंच असतं, पण आईला बी टाकवत नसे आणि मलाही टाकवत नाही. सात-आठ वर्षांचं साठलेलं, डबा सरकवायला दोन हात लागायचे. त्या दिवशी मी झाडूनेच ढकलला आणि तो सर्रकन भिंतीला जाऊन आपटला. तुला विचारलं तर म्हणालीस, उंदीर लागले होते, टाकून दिलं. मी बरं म्हटलं.

चिमे, आपल्याकडे उंदीर कधी होते?

लिही. काय असेल ते लिही. मी तुझ्या तोंडून ऐकायला तयार आहे.

ताई

२६ मार्च

आज सकाळी गवंडीण आली. चेहरा असा फुललेला की मला वाटलं तिच्याकडे तरी काही उगवलं.

गवंड्याला तीन दिवसांचं काम मिळालं होतं. कुठे? तू गेलीस त्याच शहरात. एका बँकेच्या भिंतीची डागडुजी. येताना बागेच्या सामानाच्या एका दुकानातून तो पुडी घेऊन आला. "बघा ना ताई," ती म्हणाली, "अगदी आपल्यासारखी! ठिपक्यांची! मला वाटायचं ही शेंग फक्त आपल्याच गल्लीत होते." वीस दाणे. एका दिवसाची पूर्ण मजुरी त्यात गेली. दुकानात कुंड्या नाहीत, खत नाही, पण ही पुडी काउंटरवर मांडून ठेवलीय म्हणे, आणि लोक नेतायत. गवंडी आधी नको म्हणाला होता, मग पोरं वाफ्यापाशी बसलेली डोळ्यांपुढे आली म्हणून घेतली.

मी पुडी हातात घेतली. डिंक नाही, पिन नाही. तीन घड्या आणि कोपरा आत. ही घडी आईने आपल्याला जेवणाच्या टेबलावर बसून शिकवली, तुला आधी जमली आणि मला नंतर. आई गेल्यावर ती जगात दोघींनाच येते. गवंडिणीच्या लक्षात आलं नाही, तिने घाईत एक कड फाडूनच उघडली होती.

तिनेच गेल्या वर्षी वाळवलेलं बी. तिनेच माझ्या हातात आणून दिलेलं. ते तिने नवऱ्याच्या मजुरीने विकत घेतलं आणि मलाच कौतुकाने दाखवायला आणलं. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "छान आहे हो. लवकर पेरून टाक."

ती गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबण नव्हता, नुसत्या पाण्याने धुतलं, दहा वेळा.

चिमे, आता मला सगळं कळलं. चांगलं बी तू नेलंस आणि बरण्यांत त्या डब्यातलं मेलेलं भरलंस. दिसायला सारखंच. मेणसुद्धा नीट लावलंस परत, मी हात फिरवून बघितलं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

विकलंस ते विकलंस. तुला इथून सुटायचं होतं, नव्या दुकानात रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, हे मला समजतं. या घरात तुला स्वयंपाकघरात झोपावं लागलं. मी चार लोकांत म्हणायचे, धाकटीला मी सांभाळते. एकदा तू दारात उभी असताना म्हटलं होतं, आणि तू ऐकलंस हे मला दिसलं होतं, तरी मी वाक्य पुरं केलं. ते माझ्या खात्यावर टाक. पण वाटपाच्या दिवशी तू माझ्या शेजारी उभी होतीस! मी एकेका घराचं नाव घेत होते आणि तू पुड्या बांधून माझ्या हातात देत होतीस. तुला माहीत होतं आत काय आहे. काका विचारत होते, मी सांगत होते, मी स्वतः बघितलं म्हणून, आणि तू मान खाली घालून घडी घालत होतीस. शिंपीणकाकूंनी तुझ्या गालावरून हात फिरवला, जा सुखाने, म्हणाल्या. तुझा घास गिळला कसा त्या दिवशी? मला मेलेलं बी हातात देऊन अकरा घरांपुढे उभं केलंस, ते मी विसरायचं म्हटलं तरी कसं विसरू?

मला पैसे नकोत. पैशाने आज बी मिळत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मला बी परत पाठव. सगळं नको. प्रत्येकातलं मूठमूठ. पंधरा एप्रिलपर्यंत पेरता येतं, त्यानंतर पेरून उपयोग नाही. आणि सोबत दोन ओळी गल्लीच्या नावाने लिही, की हे तू केलंस. मी तुझी बाजू घेईन. घेईन गं, आतापर्यंत दुसरं काय केलंय? पण आधी तू लिही.

ताई

३ एप्रिल

आठ दिवस झाले, एक चिठ्ठी नाही. चार ओळी लिहायला काय दौत-टाक लागतात?

गल्लीला वाटतंय मी विकलं. कुणी तोंडावर म्हणत नाही. शिंपीणकाकू एवढंच म्हणाल्या, "ताई, लाँड्रीत पगार कापलाय हे कानावर आलं होतं. अडचण होती तर सांगायचं होतंस." इतक्या मायेने म्हणाल्या की त्यांनी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. काल पाईप फिरत फिरत माझ्या दारापर्यंत आला आणि पुढच्या घरी गेला. मी बादली घेऊन दारात उभी होते. काकांनी मान वळवून दुसरीकडे बघितलं. चाळीस वर्षं घरोघर पत्रं वाटलेला माणूस, दार चुकवणं त्यालाही जमत नव्हतं.

मी तोंड उघडलं तर सुटेन. एक नाव घेतलं की संपलं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, मग दहात नऊ कुणी बघितलं होतं?

आणि ऐक, गवंडिणीची शेंग उगवली. विसातली एकोणीस. पोरं गल्लीभर ओरडत फिरली, सगळे बघायला गेले, मी खिडकीतून बघितलं.

विसात एकोणीस, म्हणजे दहात नऊच्या वरच. म्हणजे उगवण तू खरंच बघितली होतीस तर. फडकं ओलं केलंस, दाणे मोजलेस, रोज उघडून पाहिलंस. विकायच्या बियांची. आणि तोच आकडा येऊन मला सांगितलास. मला वाटत होतं तू आळस केलास आणि थाप मारलीस. थाप असती तर बरं झालं असतं.

बारा दिवस उरलेत. पाठव.

ताई

११ एप्रिल

चिमे,

मंगळवारी तुझं पत्र मिळालं. लिफाफा हाताला इतका पातळ लागला की त्यात बी नाही हे फोडायच्या आधीच कळलं. तरी फोडून उलटा करून झटकला.

तुला तुझे शब्द आठवत नसतील तर इथे उतरवते. मला ते पाठ झालेत.

"ताई, दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकत जाऊ नकोस, इथे मालक फोडून वाचतात आणि मला ऐकून घ्यावं लागतं. बी परत पाठवायला काही उरलेलं नाही. हल्ली जो तो आपलं बघतो, न बघणारी तूच एक राहिली आहेस. डबा रिकामा होता हे तू तेव्हाच पाहिलं होतंस, म्हणून सगळं माझ्या माथी मारू नकोस. बाकी मी मजेत. ठिपक्यांच्या शेंगेला गिऱ्हाईक फार आहे. गल्लीत कुणाकडे थोडी शिल्लक असेल तर बघ ना, चांगला भाव देईन. तुझी चिमी."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, थट्टा करतेय. तू लहानपणी करायचीस तशी, माझं रडू निघेपर्यंत ताणायची आणि मग गळ्यात पडायची. पत्राच्या मागे बघितलं. मागे काही नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोराने त्याच घरात येऊन आणखी काही आहे का म्हणून विचारलेलं मी प्रथमच पाहिलं.

पण डब्याचं तुझं खरं आहे. तेवढ्या एका ओळीपाशी मी अडकले. डबा भिंतीला आपटला आणि तू उंदरांचं सांगितलंस, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. मी तुझ्याकडे बघितलं, तू नजर काढून घेतलीस, आणि मी झाडू उचलून पुढची खोली झाडायला गेले. खोदून विचारलं असतं तर तुला खरं उत्तर द्यावं लागलं असतं आणि मला ते ऐकावं लागलं असतं. मला घरात तमाशा नको होता. तू जाणार होतीस, चार दिवस गोडीगुलाबीने जावेत एवढंच वाटत होतं. त्या चार दिवसांची किंमत अकरा घरांनी भरली.

रविवारी मी स्वतः घरोघर गेले आणि सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, काही जण उभे राहिले. मधल्या खोलीत, कपाटासमोर. मी म्हटलं, मला एक पत्र वाचायचंय, मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्याने पुरं होणार नाही. आणि तुझं पत्र वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, डब्याच्या ओळीसकट. मग म्हटलं, दहात नऊ मी बघितलं नव्हतं. मी खोटं बोलले.

तुझ्या पाठीमागे तुझं पत्र वाचलं म्हणून तुला राग येईल. येऊ दे. तुझे मालक माझी वाचतात, माझ्या गल्लीने तुझं ऐकलं.

काका म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

"हो काका."

"दरवर्षी विचारतो. उगाच नाही विचारत."

"हो काका."

याहून जास्त कुणी मला बोललं नाही. बोलायला हवं होतं, मी त्या तयारीने उभी होते.

गवंडिणीला मात्र सगळं एकदम उमगलं नाही. ती बोटं मोडत विचार करत बसली आणि मग मोठ्याने म्हणाली, "म्हणजे ती पुडी..." आणि उठून निघून गेली. गवंडीही तिच्या मागे गेला. मी मनात म्हटलं, गेली ही, आता जन्मात माझ्या दारात यायची नाही. बाकीच्यांनी ठरवायचं ते ठरवलं. कपाट शिंपीणकाकूंच्या घरी जाईल. त्यांच्या खोलीला थोडी ओल आहे, पण त्या म्हणाल्या, मी कोळसा ठेवीन. पुढल्या वर्षीपासून उगवण सगळ्यांसमोर बघायची, काकांच्या ओट्यावर, फडकं उघडताना प्रत्येक घरातलं एक माणूस हजर. मी मान हलवली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी हलवली.

तेवढ्यात गवंडीण परत आली. डोळे लाल, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "एकोणीस वेल आहेत माझ्याकडे. यंदा एक शेंग तोडणार नाही. सगळ्या वेलीवरच वाळवीन आणि बी करीन. अकरा घरांना पुरेल, थोडं थोडं. पोरांची समजूत मी काढते."

बाजारात भाजीला हात लावता येत नाही, नवऱ्याला काम नाही, आणि ही बाई अंगणातली शेंग तोडणार नाही म्हणते! शिंपीणकाकूंनी तिला जवळ घेतलं. काका म्हणाले, पाईप यापुढे आधी तुझ्याकडे. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यावर माझा काय हक्क? मी कोपऱ्यात उभी राहिले.

मग काकूंनी वही काढली आणि कुणाचे वाटे किती ते लिहायला घेतलं. इतकी वर्षं हे मी तोंडपाठ करत आले, लिहायची कधी वेळ आली नाही. प्रत्येक घराचा एक वाटा. आपल्या घराचे दोन. तुला हे माहीत नसेल, मी कधी सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी तू नवऱ्याचं घर सोडून एका पिशवीनिशी आलीस, त्याच आठवड्यात आई दारोदार फिरली होती. गुडघे धरलेले असताना. प्रत्येक दारात म्हणाली, माझ्या धाकटीचा वेगळा वाटा धरा, तिला उद्या कुणाच्या हाताकडे बघायला लागू नये, थोरलीच्यासुद्धा. अकराही घरांनी धरला. तू कधी पेरलं नाहीस, तरी दरवर्षी तुझ्या नावाची पुडी निघत होती. मी माझ्याच वाफ्यात पेरत होते.

काकूंची पेन्सिल तुझ्या नावापाशी थांबली. "हिचं काय करू गं?"

गवंडीण म्हणाली, "राहू दे ताई. परत येईल कधीतरी." हे तिने म्हणावं!

मी म्हटलं, "खोडा."

काकू म्हणाल्या, "तुझ्या आईने माझ्या उंबऱ्यात उभं राहून मागितलेला वाटा आहे. मी नाही खोडणार." आणि वही माझ्याकडे सरकवली, वर पेन्सिल ठेवली.

मी खोडलं, चिमे. सहज खोडलं असं लिहिणार होते, पण आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

ताई